सबवूफर मुका झाला म्हणजे बोर्ड गेला?

सबवूफरचा, म्हणजे खर्जातला आवाज देणाऱ्या स्पीकरच्या डब्याचा, आवाज बिघडला की ‘आतला अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड जळला, नवाच टाका’ हे नाशकात एम. जी. रोडपासून सिडकोपर्यंत वर्षानुवर्षं ऐकतोय. अनेकदा ते खरं नसतं.

आमचा डबा ऐन गणपतीच्या तोंडावर नुसता घुं-घुं करायला लागला. दुकानदाराने न उघडताच निकाल दिला. घरी मागची प्लेट सोडवली, तर सप्लायचे दोन कपॅसिटर (चार्ज साठवणाऱ्या छोट्या नळ्या) पुरीसारखे टम्म फुगलेले! तेवढेच बदलले, घुमणं थांबलं. त्यांच्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड (क्षमता) तेच ठेवा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि घ्या १०५ अंश सेल्सिअस सोसणारेच. बंद खोक्यातल्या उकाड्यात ८५ वाले लवकर सुकतात. हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो उतरल्याशिवाय बोट लावू नका.

आवाजच नसेल तर आधी स्पीकरची वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा पडदा) हलला की आतली कॉइल (तारेचं वेटोळं) शाबूत.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? जाड फ्यूज घालू नका. बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी (चिप) शॉर्ट असते. बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅकच कोळसा झाले असतील तर मात्र नवा बोर्ड, स्पीकरचे ओहम (रोध) आणि सप्लाय व्होल्टेज जुळवून.