नारीफल: थाई चित्रकार फाप्तावन सुवन्नकूट यांच्या चित्रांमागचा इतिहास

थाई बौद्ध कथांतल्या हिमवंत वनात एक झाड आहे. त्याला फळांच्या जागी तरुण मुली लगडतात; हीच नारीफलं. वनातल्या तपस्व्यांचा वेस्संतर राजपुत्राच्या (बुद्धाचा हा आधीचा जन्म) पत्नीला, मद्दीला, त्रास होऊ नये म्हणून इंद्राने ही झाडं निर्माण केली, असं सांगतात. पुरुषांनी ती फळं तोडून न्यायची; सात दिवसांत ती सुकून जायची.

वेस्संतराची कथा आपल्यालाही परकी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ती रंगवलेली आहे. थायलंडमध्ये तर ती देवळादेवळांच्या भिंतींवर दिसते. दानशूर राजपुत्र आधी मुलं देऊन टाकतो, मग बायकोही. दानाची थोरवी सांगणाऱ्या या कथेत देण्याची वस्तू बाई आहे, हे मला डोळ्याआड करता येत नाही.

कारण व्यवहारातही तसंच होतं. 'बाई म्हैस, पुरुष माणूस' अशी तिथे म्हणच होती. 1865 मध्ये मुअन नावाच्या तरुणीने मनाविरुद्धच्या लग्नाविरोधात थेट राजा मोंगकुटकडे दाद मागितली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. 1868 मध्ये बायकोला तिच्या संमतीशिवाय विकण्याचा नवऱ्याचा हक्क गेला. एकपत्नीत्व कायद्यात यायला मात्र 1935 उजाडलं.

गरिबीतल्या मुलींचा बाजार काही थांबला नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांच्या सुट्ट्यांवर बँकॉक आणि पट्टायातला धंदा फोफावला आणि उत्तरेकडच्या खेड्यांतून मुली तिथवर पोहोचू लागल्या.

फाप्तावन यांचा जन्म 1959 चा. वडील पैबून हे भित्तिचित्रांचे नावाजलेले चित्रकार. त्यांच्याच हाताखाली त्या शिकल्या. 1982 मध्ये वडील गेले आणि चित्रकारांच्या गटाची धुरा या तरुण मुलीकडे आली. उत्तरेतल्या काही पवित्र वास्तूंत बायकांना आजही आत जाता येत नाही. अशा देशात एक बाई परांचीवर चढून देवळांच्या भिंती रंगवत होती, वर्षानुवर्षं. ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही एका चित्राइतकीच मोलाची वाटते.

1996 मध्ये त्यांनी 'नारीफल' ही मालिका केली. शैली देवळाचीच, झाडही तेच. पण आता त्या लटकत्या मुलींकडे विकल्या जाणाऱ्या मुली म्हणून बघावं लागतं. त्याच वर्षी थायलंडच्या नव्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्याने मुलीला या धंद्यात ढकलणाऱ्या आईबापांनाही शिक्षा ठरवली. आणि त्याच वर्षी फाप्तावन सिडनीला राहायला गेल्या.