लेकराच्या मेंदूवरचे पांढरे डाग: एका व्याख्येची पार्श्वभूमी

कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीनंतर क्वचित कुणाचे पाय लुळे पडायचे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणावर, उलटायची. 2004 अखेर भारतात ती लस बंद झाली. गोवरानंतरही काही लेकरांना असाच आजार व्हायचा. मेंदूला अचानक सूज आणणाऱ्या या आजाराचं नाव एडीईएम.

1980 च्या दशकात एमआरआयवर याचे पांढरे डाग दिसू लागले, पण निकष मोठ्या माणसांच्या एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मायलिनवर पुन्हा पुन्हा हल्ले होणारा आजार) होते. मग 2007 मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने ठरवलं की शुद्धीत किंवा वागण्यात बदल नसेल, तर एडीईएम म्हणायचं नाही. 2013 मध्ये भर पडली: हा बदल निव्वळ तापामुळे आलेला नसावा.

वाचायला सोपं आहे. पण परभणीहून रातोरात संभाजीनगरला आणलेलं चार वर्षांचं लेकरू डोळ्यांसमोर आणा. अंगात ताप, वाटेत झटक्याचं इंजेक्शन दिलेलं. आई म्हणते, "कालपासून नुसती झापड हाय, हाक मारली की बघतंय, पण बोलंना." ही झापड तापाची, औषधाची की मेंदूची? इंजेक्शनाच्या आधी लेकरू कसं होतं, हे आईशिवाय कुणालाच माहीत नसतं. ही अट मला योग्यच वाटते, नाहीतर प्रत्येक पांढऱ्या डागाला एडीईएम म्हटलं गेलं असतं. पण केसपेपरवर आईचं म्हणणं एका ओळीत उरकलं, तर अट पाळूनही निदान चुकतं.

फिल्मवरचा फरक त्यानंतर स्पष्ट होत गेला. एडीईएमचे डाग मोठे, कडा पुसट, दोन्ही बाजूंना, बऱ्याचदा मेंदूच्या आत खोलवरच्या थॅलॅमसपर्यंत गेलेले. एमएसचे छोटे, रेखीव, लंबगोल, व्हेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला, लागून. टी-वन या प्रकारच्या फिल्मवर त्यांची काळी विवरं दिसतात. 2009 मध्ये याच खुणांवरून मुलांसाठी वेगळे निकष सुचवले गेले.

अँटिबॉडी तपासण्यांनी मात्र नावंच बदलली. 2004 मध्ये अॅक्वापोरिन-4 या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली आणि एनएमओ हा डोळ्याच्या नसेवर व मज्जारज्जूवर हल्ला करणारा आजार एमएसपासून वेगळा काढता आला. हे फार मोलाचं, कारण एमएसची काही औषधं एनएमओ बळावतात. पुढे मायलिनवरच्या मॉग या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी आली. पुन्हा पुन्हा एडीईएम होणारी बरीच लेकरं खरं तर या मॉगच्या आजाराची निघाली. मॉगचे निकष 2023 मध्ये आले.

मॉगचे डाग पुढच्या एमआरआयमध्ये बऱ्याचदा पुसले जातात, एमएसचे सहसा तसे जात नाहीत. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढताना पहिली फिल्म शेजारी लावावी लागते, आणि ती बहुतेकदा गावाकडच्या पेटीत, कपड्यांखाली असते.