जमिनीत उष्णता सोडणारा एसी: बोअर मारण्याआधी हे वाचा

साधा एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. विदर्भात मे महिन्यात ती हवाच ४३-४५ अंशांवर असते, त्यामुळे काँप्रेसर जास्त वीज खातो. दहा मीटर खाली मात्र जमीन बारा महिने जवळपास एकाच तापमानाची असते. नागपूर परिसरात २७-२८ अंश. ग्राउंड सोर्स हीट पंप, म्हणजेच जमिनीत उष्णता सोडणारा एसी, ती तिथे सोडतो.

यात पाण्याचा उपसा नाही. सहा इंची बोअरमध्ये ३२ मिमी एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप यू आकारात उतरवतात आणि तेच पाणी त्यातून फिरत राहतं. आपल्याकडे ते गोठण्याची भीती नसल्याने अँटिफ्रीझ लागत नाही.

एक टन एसी खोलीतून ३.५ किलोवॉट उष्णता ओढतो. काँप्रेसरची भर पडून जमिनीत जातात सुमारे ४.२ किलोवॉट. काळ्या कातळात मीटरमागे ४० ते ५० वॉट धरले, तर टनामागे ८५ ते १०५ मीटर बोअर लागतो. हा झाला अंदाज. मोठ्या कामात आधी एक बोअर मारून त्यात किमान ४८ तास गरम पाणी फिरवा आणि कातळ किती उष्णता घेतो ते मोजून घ्या.

पाइपाभोवतीची पोकळी वरून माती ढकलून भरू देऊ नका. हवा अडकते आणि तेवढा बोअर वाया जातो. पाइप गळत नाही ना याची दाबचाचणी झाली की बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचं ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारं पातळ मिश्रण, नळीने तळापासून वर चढवायचं. काळ्या मातीत आडवे पाइपही गाडू नका. उन्हाळ्यात ती भेगाळून पाइपापासून सुटते.

खरी अडचण वेगळीच आहे. थंड देशांत उन्हाळ्यात जमिनीत टाकलेली उष्णता हिवाळ्यात परत काढतात. आपण वर्षभर टाकतच राहतो, म्हणून बोअर दाटीने घेतले की जमीन वर्षागणिक तापते आणि वीजबचत घटत जाते. दोन बोअरमध्ये किमान सहा मीटर अंतर ठेवा. त्याहून मोलाचं म्हणजे ही उष्णता गरम पाण्यासाठी वापरा, आणि तरीही उरेल ती छोट्या कूलिंग टॉवरने (पाणी हवेत गार करणाऱ्या यंत्राने) बाहेर काढा. रुग्णालय, हॉटेल, वसतिगृह यांना ही यंत्रणा म्हणूनच शोभते. दोन एसींच्या घराला आम्ही ती सुचवत नाही. तिथे चांगला इन्व्हर्टर एसी आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग पुरे.

यंत्रणा बसल्यावर दरवर्षी मे अखेरीस जमिनीतून परत येणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवा. वापर तेवढाच असताना आकडा चढत गेला, तर कूलिंग टॉवर रात्री जास्त वेळ चालवा.