आंतरकर्ण-नेत्र प्रतिक्षेप : इजेनंतरचे स्वरूप

डोके हलत असताना नजर एका जागी रोखून धरणारी अनैच्छिक क्रिया. डोके ज्या बाजूला वळते, तिच्या उलट दिशेला डोळे जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरतात. गोव्यात पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून खड्ड्यांतून जातानाही दुकानांच्या पाट्या वाचता येतात, त्या यामुळेच.

प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, केशपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि संदेश मेंदूस्तंभातून डोळ्यांच्या स्नायूंना पोचतो. वाटेत चेतापेशी तीनच, म्हणून डोळे सुमारे १० मिलिसेकंदांत हलतात.

डोके स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून सारखेच संदेश चालू असतात. व्हायरसमुळे चेतातंतूला सूज येऊन उजवी बाजू गप्प झाली, तर डावीचे पारडे जड होते आणि डोके डावीकडे फिरत आहे असा मेंदूचा समज होतो. डोळे हळूहळू उजवीकडे घसरतात आणि झटक्याने डावीकडे परततात. हेच नेत्रदोलन. डावीकडे पाहिल्यास ते वाढते, एखाद्या वस्तूवर नजर खिळवल्यास कमी होते. म्हणून तपासणीत नजर खिळू न देणारा, जाड भिंगांचा फ्रेन्झेल चष्मा लावतात.

हाल्मागी आणि कर्थॉइस या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलेली डोके-झटका चाचणी खाटेजवळच करता येते. रुग्णाने तपासणाऱ्याच्या नाकावर नजर ठेवायची. तपासणाऱ्याने त्याचे डोके अचानक, वेगाने, पण १० ते २० अंशच वळवायचे. मानेला इजा असल्यास ही चाचणी करू नये. बिघडलेल्या बाजूला वळवताच डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग उडी मारून नाकावर परततात. डोके सावकाश वळवले तर दोष लपतो, कारण मंद गतीला निरोगी कान एकटा पुरतो. वेग वाढला की त्याचे संदेश शून्यावर येतात, आणि शून्याखाली जायला जागा नसते.

सतत गरगरते आहे, नेत्रदोलनही आहे, पण ही चाचणी निर्दोष येते, असे असेल तर मेंदूतील पक्षाघाताची शंका घ्यावी. अशा रुग्णाला घरी थांबवू नये. बांबोळीच्या गोमेकॉसारखे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारखे) मोठे रुग्णालय तातडीने गाठावे.

कान बरा झाला नाही तरी नेत्रदोलन काही दिवसांत ते आठवड्यांत ओसरते. मेंदूस्तंभ आणि लघुमेंदू दोन्ही पारडी पुन्हा जुळवतात. वेगवान हालचालीतली उणीव मात्र बरेचदा राहते. डोळ्यांची दुरुस्तीची उडी डोके हलत असतानाच होऊ लागते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती पकडायला कॅमेऱ्याचा चष्मा लागतो.

ही जुळवणी हालचालीवरच पोसते. मानेला आधाराचा पट्टा लावून पडून राहणे, चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दोन-तीन दिवसांपलीकडे चालू ठेवणे, यांनी ती लांबते. बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून हातभर अंतरावर एक ठळक अक्षर चिकटवावे. त्यावरची नजर न काढता डोके दोन मिनिटे डावी-उजवीकडे, दोन मिनिटे वर-खाली हलवावे. असे दिवसातून तीनदा. दुखणे जुने असल्यास दिवसाचा एकूण वेळ २० मिनिटांपर्यंत न्यावा. अक्षर पुसट होण्याच्या किंचित अलीकडचा वेग योग्य. थोडे गरगरणारच, त्या भीतीने डोके अगदी सावकाश हलवले तर व्यायाम फुकट जातो.

जेंटामायसिनसारख्या औषधाने दोन्ही कान सारखेच निकामी झाले, तर पारडी समान राहतात. गरगरत नाही, नेत्रदोलनही नसते, पण चालताना समोरचे सगळे उड्या मारते. अशा माणसाला बोट लागत नाही, म्हणजे बोटीत मळमळत नाही. मात्र फेरीबोटीतून रात्री उतरताना, अंधारात ओल्या उतारावर पाय टाकायचा, तर तोल सावरायला त्याला कुणाचा तरी हात धरावा लागतो.