बिल्ड झाली, पण पोर्ट कुठं झाली?

"सर, पोर्टिंग झालं बघा. एकबी एरर नाही."

आमच्या लातूरच्या ऑफिसात नवीन लागलेल्या पोरानं शनिवारी दुपारी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. टर्मिनलवर ओपनएसएसएलचा, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या आणि डिजिटल सह्या करणाऱ्या तयार कोडाच्या लायब्ररीचा, बिल्ड शेवटापर्यंत गेलेला, फोल्डरात तिच्यातल्या लिबक्रिप्टोची ताजी फाइल. फाइलची जात तपासली तर ६४ बिटी आर्म. म्हणजे ज्या इंटेलच्या लॅपटॉपवर ती जन्मली तिथं ती चालणार नाही, फोनवर चालेल. मी म्हटलं, "क्रॉस-कंपाइल झालं. पोर्टिंग सोमवारपासून धरू." चेहरा पडला बिचाऱ्याचा.

चूक त्याची एकट्याची नाही. हे दोन शब्द बहुतेक जण एकमेकांच्या जागी वापरतात, आणि साध्या लायब्ररीत त्यानं फारसं बिघडतही नाही. फोटो लहान करणारी लायब्ररी नीट पोर्ट झाली नाही तर फोटो वाकडा दिसतो, लगेच कळतं. क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीचं तसं नसतं. अर्धवट पोर्ट झालेली लायब्ररीसुद्धा सही करते, ती सही तपासल्यावर बरोबर निघते, आणि गुप्त की (सहीची किल्ली) मात्र उघड्यावर पडलेली असते.

क्रॉस-कंपाइल म्हणजे एका जातीच्या मशीनवर बसून दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी कोड तयार करणं. ते काम कंपायलरचं. अँड्रॉइडचा एनडीके हा साधनांचा संच उतरवून घ्या, त्यातल्या क्लँग या कंपायलरला सांगा की फोनच्या आर्म प्रोसेसरसाठी बनव, एपीआयचा आकडा, म्हणजे अँड्रॉइडची किमान आवृत्ती, द्या. ओपनएसएसएलमध्ये तर अँड्रॉइडचे टार्गेट तयारच मिळतात. चहा येईपर्यंत काम होतं.

पोर्टिंगचा प्रश्न वेगळा असतो. लायब्ररी खालच्या सिस्टिमकडून बऱ्याच गोष्टी गृहीत धरते: रँडम आकडे कुठून मिळतील, सर्व्हरची ओळख पटवणारी विश्वासू सर्टिफिकेटं कुठल्या फोल्डरात असतील, प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात, फाइलचं नाव कसं असलं की ती लोड होते. नव्या घरात यातलं काय खरं आहे आणि काय नाही, ते एकेक करून तपासणं आणि जिथं खरं नाही तिथं कोड बदलणं, याला पोर्टिंग म्हणायचं. कंपायलरला यातलं जवळपास काहीच दिसत नाही, कारण या गोष्टी ठरतात प्रोग्राम चालू झाल्यावर.

लातूरकराला हे समजवायला मला २०१६ ची पाण्याची रेल्वे पुरते. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांनी त्या रात्री 'लातूरला पाणी पोचलं' म्हणून सांगितलं. आमच्या आईनं घागर हलवली ती टँकर गल्लीत आल्यावर. मधलं उतरवणं, शुद्ध करणं, टँकर भरणं कुणी टीव्हीवर दाखवलं नाही.

आता आमचं काम काय होतं तेही सांगतो. मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी हिशोबपट्टीचं अ‍ॅप. सोयाबीनचा, तुरीचा सौदा झाला की पट्टी फोनवरच बनते आणि तिच्यावर डिजिटल सही होते, म्हणजे नंतर कुणी भावाचा आकडा फिरवला तर सही जुळत नाही. काट्याजवळच्या पीसीवर हाच सी कोड चालतो, म्हणून फोनवरही तोच हवा होता.

सोमवारी पहिला दणका बसला तो मोठ्या आवाजाचा, म्हणजे चांगला. एका आडत्याच्या जुन्या फोनवर अ‍ॅप उघडताच बंद. लॉगमध्ये ओळ: गेटरँडम हे नाव सापडत नाही. अँड्रॉइडखालच्या लिनक्सच्या कर्नलात रँडम आकडे देणारं गेटरँडम २०१४ साली, ३.१७ आवृत्तीत आलं. पण अँड्रॉइडच्या सी लायब्ररीनं, बायोनिकनं, ते फंक्शन एपीआय २८ पासून दिलं, म्हणजे अँड्रॉइड ९ पासून. पोरानं बिल्ड करताना आकडा ३० टाकलेला, कारण त्याचा स्वतःचा फोन नवा. आमच्या जोडकोडात, म्हणजे लायब्ररीला बाकी कामाशी जोडणाऱ्या कोडात, गेटरँडमला थेट हाक होती. कंपायलर म्हणाला ठीक, अँड्रॉइड ८.१ चा फोन म्हणाला ओळखत नाही. एपीआय खाली आणला आणि जुन्या फोनसाठी यूरँडम या उपकरण-फाइलमधून वाचायचा रस्ता ठेवला. दुसऱ्या एका स्वस्त फोनवर प्रोसेसर ६४ बिटी, पण वरचं अँड्रॉइड ३२ बिटी निघालं. तिथं आमची फाइल लोडच होईना, ३२ बिटीची वेगळी बनवावी लागली.

नावाचीही एक गंमत आहे. लिनक्सवर लायब्ररीच्या नावाला शेवटी आवृत्तीचा आकडा लावायची रीत आहे. अँड्रॉइडचा इन्स्टॉलर 'लिब'नं सुरू होणारी आणि 'एसओ'नं संपणारी फाइलच उचलतो. शेपटीला आकडा असला की ती बाहेरच राहते. त्यात अँड्रॉइडच्या पोटातही लिबक्रिप्टो नावाचीच लायब्ररी असते, अँड्रॉइड ६ पासून ती गूगलची बोरिंगएसएसएल आहे. जुन्या फोनवर आपण आपली फाइल मागायची आणि लोडरनं आधीच उघडलेली सिस्टिमची हातात द्यायची, असले प्रकार व्हायचे. अँड्रॉइड ७ नं अ‍ॅपना सिस्टिमच्या खासगी लायब्रऱ्या वापरायला बंदी केली तेव्हा तिच्यावर विसंबलेली अ‍ॅप बंद पडली. आपली लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे आपल्याच फाइलीत मिसळून, जोडून टाकली की हा घोळ मिटतो. आयफोनवर नियम आणखी निराळे, अगदी असेंब्लीतल्या (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या) फंक्शनांच्या नावाआधी तिथं अंडरस्कोर लागतो. पण यार्डात आयफोन असतो आडत्याच्या पोराच्या हातात, आणि पट्टी तो करत नाही, त्यामुळं तो विषय इथंच सोडतो.

हे सगळे आवाज करणारे बिघाड. न बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

पहिला: असेंब्ली. ओपनएसएसएलमधला वेगवान भाग पर्लच्या स्क्रिप्टांतून तयार होणाऱ्या असेंब्लीत आहे. बिल्ड त्यावर अडला की इंटरनेटवरचा कुणीतरी सांगतो, 'नो-एएसएम' (असेंब्ली नको) टाका. टाकलं की बिल्ड सुटतो, उत्तरंही बरोबर येतात. जातं काय? वेग तर जातोच. शिवाय एईएस (मजकूर गुप्त करायचं नेहमीचं गणित) जर तक्त्यांत बघून काम करणाऱ्या सी कोडावर आलं, तर लागणाऱ्या वेळावरून कीचा अंदाज बांधता येतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्येच ते दाखवलं. आपल्याकडच्या स्वस्त फोनांत एईएसच्या सूचना नसलेले प्रोसेसर भरपूर, कॉर्टेक्स-ए७ त्यातलाच. गूगलनं २०१४ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चाचा२० हे एईएसऐवजीचं गणित आणलं ते अशाच फोनांसाठी. म्हणजे पोर्ट करणाऱ्यानं इथं विचारायला हवं की या फोनवर एईएसच हवं का. कंपायलर हा प्रश्न विचारत नाही.

दुसरा: सर्टिफिकेटं. ओपनएसएसएल बिल्ड करताना दिलेल्या फोल्डरात ती शोधते आणि अँड्रॉइडवर ते फोल्डर नसतंच. सिस्टिमची सर्टिफिकेटं वेगळ्या जागी असतात, अँड्रॉइड १४ मध्ये ती जागाही बदलली. मग सर्व्हरशी जोडताना एरर येतो की सर्टिफिकेट देणाऱ्याचा पत्ता लागत नाही. पोरगा म्हणाला, "सर, व्हेरिफाय बंद केलं, आता चालायलंय." चालायलंय खरं. फक्त पलीकडं आपलाच सर्व्हर आहे का शेजारच्या वायफायवर बसलेला कुणी, हे आता फोनला कळत नाही. खरं काम म्हणजे आपल्या सर्व्हरच्या मुळाचं सर्टिफिकेट अ‍ॅपबरोबर देणं, किंवा तपासणी अँड्रॉइडच्याच जावाकडं सोपवणं. यासाठी मी त्याच्यावर ओरडलो, ते कबूल करतो. पण हीच ओळ मी याआधी एका मोठ्या शहरातल्या कंपनीच्या कोडात, ग्राहकांच्या फोनवर गेलेली पाहिली आहे.

तिसरा, आणि सगळ्यात खोल: रँडम. आमच्या पट्टीवरची सही ईसीडीएसए या पद्धतीची. प्रत्येक सहीला एक नवा, कुणाला न कळणारा रँडम आकडा लागतो. तोच आकडा दोनदा वापरला तर काय होतं, हे पोराला मी पट्टीच्याच मागं पेनानं दाखवलं. सूत्र साधं करून: सही गुणिले रँडम बरोबर पट्टीचा (तिच्या मजकुरातून काढलेला) आकडा अधिक र गुणिले गुप्त की. र हा रँडमवरूनच निघतो. समजा पहिल्या पट्टीचा आकडा २०, सही ८. दुसरीचा ५०, सही १३. र दोन्हीकडं ४, आणि तो सहीबरोबर सगळ्यांना दिसतो. दोन्हीकडं र सारखा दिसला की चोराला कळतं, रँडम एकच आहे. आता वजाबाकी: ५० वजा २० म्हणजे ३०, १३ वजा ८ म्हणजे ५. तिसाला पाचानं भागलं, रँडम निघाला ६. आठ सक अठ्ठेचाळीस, त्यातून वीस गेले अठ्ठावीस, भागिले चार: गुप्त की ७. खऱ्या सहीत आकडे साधारण ७७-७८ अंकी असतात आणि भागाकार एका मोठ्या मूळसंख्येच्या हिशोबात होतो, पण पायऱ्या ह्याच. दोन पट्ट्या हातात आल्या की आडत्याच्या नावानं कुणीही तिसरी करू शकतो.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्या बिटकॉइन पाकिटांतून पैसे गेले ते याच वजाबाकीनं. फोनमधल्या रँडम आकड्यांच्या यंत्राला सुरुवातीचं बीज नीट दिलं जात नव्हतं. अ‍ॅपवाल्यांनी थेट सिस्टिममधल्या ओपनएसएसएलकडून आकडे घेतले तरी तीच गत. ओपनएसएसएलचं गणित बरोबरच होतं, नव्या घरात तिला पाणी कुठून भरायचं हे चुकलं होतं. योगायोग असा की त्याच महिन्यात आरएफसी ६९७९ हा तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. सहीपुरता तो आकडा गुप्त की आणि मजकुरातूनच काढायची रीत त्यात आहे. आम्ही ती घेतली. पण मुळात की तयार करताना रँडम लागतोच, तिथून सुटका नाही.

डेबियन या लिनक्सच्या वाणाची गोष्ट तर पोर्ट करणाऱ्या प्रत्येकाला सांगावी अशी. २००६ मध्ये डेबियनसाठी ओपनएसएसएल बांधणाऱ्यानं एका तपासणी-साधनाची कटकट थांबवायला दोन ओळी काढल्या. त्यातली एक ओळ रँडममध्ये खरं बीज मिसळणारी होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. बिल्ड होत होती, चाचण्या हिरव्या होत्या, किया बनत होत्या.

म्हणून फोनवर चाचणी चालवणं गरजेचं असलं तरी पुरेसं नसतं. ठरावीक मजकूर दिला की ठरावीक उत्तर येतं का, हे चाचणी सांगते. रँडमला ठरावीक उत्तर नसतं. तिथं कोडच वाचावा लागतो: बीज कुठून येतं, यूरँडम उघडता आलं नाही तर काय होतं, अर्धेच बाइट मिळाले तर पुढं जातं का थांबतं. आमच्या जोडकोडात ते पुढं जात होतं. ती ओळ माझी होती, पोराची नाही.

आणखी एक फरक वेळेचा. क्रॉस-कंपाइल एकदाच होतं. पोर्ट केली की ती सांभाळावी लागते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भगदाड निघालं तेव्हा ज्यांनी ओपनएसएसएल अ‍ॅपच्या पोटात जोडली होती त्यांना फोनच्या अपडेटचा काही उपयोग नव्हता, त्यांनाच नवं अ‍ॅप द्यावं लागलं. ओपनएसएसएलच्या १.१.१ आवृत्तीची मोफत देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, तरी ती अजून नव्या कोडात सापडते. अँड्रॉइड १५ पासून मेमरीची पानं १६ केबीची असलेल्या फोनांची सोय आली, त्यासाठी पुन्हा लिंकरचा (फाइल जोडणाऱ्या साधनाचा) पर्याय बघा. आणि मुळात पोर्ट करायलाच हवी का, हेही विचारावं. नुसत्या अँड्रॉइडपुरतं काम असतं तर मी फोनचं कीस्टोअर, म्हणजे किया सांभाळायची त्याचीच तिजोरी, वापरलं असतं आणि शनिवारी घरी गेलो असतो.

पुढच्या सोमवारी पोरगा रेणापूरहून काकांचा जुना फोन घेऊन आला. अँड्रॉइड ८.१, काच तडकलेली. ओपनएसएसएलच्या चाचण्या पर्लमधून चालतात आणि फोनवर पर्ल नसतं, म्हणून त्यानं एकेक चाचणीची फाइल केबलनं फोनवर चढवली आणि हातानं चालवत बसला. दुपारपर्यंत वहीची दीड पानं भरली होती: चाचणीचं नाव, पुढं बरोबर किंवा फुली. मी मागून डोकावलो तर सर्टिफिकेटच्या रकान्यात तीन फुल्या होत्या, आणि व्हेरिफायची ओळ त्यानं परत चालू केलेली होती.