लग्नाची कॅसेट संगणकात घेताना

१९९०च्या आगेमागे ज्या घरात लग्नकार्य झालं, तिथं माळ्यावरच्या ट्रंकेत दोन-चार व्हीएचएस कॅसेटी हमखास निघतात. लेबलावर शूटिंगवाल्याचं अक्षर: ‘लग्न भाग १’, ‘बारसं व गड्डा’ (गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा). मग कुणीतरी चित्र संगणकात घेणारं स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर आणतं, व्हीसीआरची पिवळी-पांढरी वायर त्याला जोडतं आणि प्ले दाबतं. फाइल तयार होते, पण चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकलेला, मध्येच चित्र थबकतं, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत भटजींचे ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली असते. दोष जातो कॅसेटला. गंमत म्हणजे तीच कॅसेट जुन्या डबा टीव्हीवर लावली तर बऱ्यापैकी नीट दिसते.

कॅसेटच्या कडेची छोटी कळ दाबून पुढची झडप उचला. आत १२.७ मिलिमीटर रुंदीची काळपट पट्टी दिसेल. पॉलिस्टरच्या पातळ फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण एका चिकट बहुवारिकात बसवलेले असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला जेमतेम २३.३९ मिलिमीटर सरकते. साध्या गाण्याच्या कॅसेटची फीतही याच्या दुप्पट वेगानं पळते. एवढ्या संथ फितीवर सेकंदाला लाखो वेळा बदलणारा चित्राचा संकेत मावणार कसा? त्यासाठी व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो. ड्रमवर समोरासमोर दोन हेड, म्हणजे फितीवरचा संकेत लिहिणारी-वाचणारी टोकं, बसवलेले असतात. फीत सावकाश पुढं जाते, हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर वेगानं तिरके घासत जातात आणि प्रत्येक घासणीत सुमारे ४९ मायक्रॉन रुंदीचा एक पट्टा उमटतो. एका पट्ट्यात चित्राच्या एकाआड एक निम्म्या ओळी. सेकंदाला असे ५० पट्टे, म्हणजे २५ पूर्ण चित्रं.

खरी मेख आहे वेळेत. पालमधली प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असावी लागते. पण फीत किंचित ताणली गेलेली असते, रबरी पट्टा आणि रोलर झिजलेले असतात, ड्रमचा वेग सूक्ष्म मागेपुढे होतो. त्यामुळं काही ओळी अंमळ लवकर येतात, काही उशिरा. लेझीमच्या ताफ्यात हलगीचा ठेका थोडा ढिला पडला तरी खेळणारे आपोआप जुळवून घेतात. जुना टीव्हीही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची खूण ऐकत तसाच चालायचा. कॅप्चरची चिप घड्याळ लावून बसलेली असते. खूण चुकली की ओळ सरकते, फारच चुकली की अख्खं चित्र गाळलं जातं. आवाज मात्र अखंड चालू राहतो. २५ चित्रं गळली की आवाज आणि चित्र एका सेकंदानं वेगळे झाले.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो येणाऱ्या ओळी क्षणभर स्मृतीत साठवतो आणि ठरल्या वेळी, ठरल्या जागी पुढं सोडतो. व्यावसायिक यंत्रात आणि काही महागड्या व्हीसीआरमध्ये तो असतो. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले तरी हे काम बऱ्यापैकी भागतं. माझं मत विचाराल तर खर्च करायचाच तो इथं करावा. सॉफ्टवेअरवर नंतर कितीही पैसे ओतले तरी गळलेलं चित्र परत येत नाही.

सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, हे कॅसेटींच्या पथ्यावर पडतं. फितीवरचं चिकट द्रव्य हवेतल्या ओलाव्यानं विघटित होतं आणि फीत हेडला चिकटू लागते, तो धोका किनारपट्टीच्या मानानं इथं कमी. इथला शत्रू म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावरचा एप्रिल-मे. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आतल्या ट्रंकेत काय होत असेल! उष्णतेनं फितीचे वेढे ताणतात, आकसतात, कडा वाकड्या होतात. शिवाय धूळ आहेच. पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत असलेल्या कॅसेटी मात्र त्यांच्यावरच्या पारदर्शक खिडकीतून रीळ बघूनच घ्याव्यात. वेढ्यांच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नये. हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागते.

व्हीएचएसचा आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा, रंगाचा तर त्याहूनही कितीतरी कमी. म्हणूनच नवरीच्या कपाळावरचं कुंकू शेजारी पसरल्यासारखं दिसतं. ७२० बाय ५७६ एवढ्या आकारात घेतलं तरी कॅसेटीतलं सगळं येतं. ‘फोर-के करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मी तरी दूर राहीन. कृत्रिम बुद्धिमत्ता जे वाढवते ते तिनं इतर चेहरे पाहून बेतलेलं असतं. त्यात आजी सुंदर दिसेल, पण ती आपली आजी असेलच असं नाही. गड्ड्याच्या कॅसेटीत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदी घातलेली माणसं झपझप चालताना त्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, तो बिघाड नव्हे. निम्म्या निम्म्या ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात आणि संगणक त्या एकत्र दाखवतो. मूळ फाइल तशीच ठेवावी आणि पाहायच्या प्रतीत ‘डीइंटरलेस’ करावं, म्हणजे सॉफ्टवेअरनं हे दाते काढावेत. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी एका हेडकडून दुसऱ्याकडं जाताना पडते. टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, एवढंच.

जागेचा हिशोबही सांगतो. काहीही न दाबता घेतलेला असा व्हिडिओ तासाला सुमारे ७५ जीबी खातो. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ असे गुणवत्ता न घटवणारे कोडेक (फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धती) वापरले तर तो निम्म्याच्या आसपास येतो. नातेवाइकांना पाठवायला नंतर लहान एमपी४ करता येते.

घाई कॅसेटपेक्षा यंत्रासाठी करायची. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं; तोपर्यंत बनवणारी तीच शेवटची उरली होती. आता चालू व्हीसीआर मिळतो तो कुणाच्या तरी घरातला जुना, आणि हेड बदलून देणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. मिळालाच, तर आधी एखादी नको असलेली कॅसेट घालून पाहावी. बिघडलेलं यंत्र फीत चघळतं. लग्नाची कॅसेट आत घालण्यापूर्वी तिच्या पाठीमागच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा दात मोडून टाकावा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जाणार नाही. जुन्या शूटिंगवाल्यांनी वरातीवर हिंदी गाणी डकवलेली असतात, तिथला मूळ आवाज गेला तो गेला. पण बारशाच्या, गड्ड्याच्या कॅसेटीत बहुधा तो शाबूत असतो, त्या आधी घ्याव्यात.