पेकिंग–पॅरिस मोटारदौड (१९०७)

पेकिंग (आजचे बीजिंग) ते पॅरिस हे सुमारे १५,००० किमी. अंतर मोटारीने तोडण्याचा पहिला प्रयत्न. १० जून १९०७ रोजी पेकिंगहून ५ गाड्या निघाल्या आणि त्यांपैकी ४ पॅरिसला पोचल्या. तिला शर्यत म्हणतात खरे, पण पंच, ठरलेले मुक्काम, वेळेचे हिशेब यांतले तिच्यात फारसे काही नव्हते. तिचे खरे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. मोटारीचा रस्ता नाही आणि वाटेत पेट्रोल विकत मिळत नाही अशा मुलखातून गाडी न्यायची, तर तिच्यामागे किती माणसे, किती जनावरे आणि किती आगाऊ तयारी लागते, हे या दौडीइतके स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच जुन्या प्रवासात दिसत नाही.

पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकाने ३१ जानेवारी १९०७ रोजी जाहीर आव्हान दिले : मोटार असली की माणूस कुठेही जाऊ शकतो हे सिद्ध करायचे आहे, या उन्हाळ्यात पेकिंगहून पॅरिसला मोटारीने यायला कोणी तयार आहे का? मोटार तेव्हा श्रीमंतांची हौस होती. बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्झहाइम हा पहिला लांबचा मोटारप्रवास केला त्याला १९ वर्षे झाली होती, आणि त्यांना इंधन औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले होते. १९०३ मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन यांनी सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा प्रवास ६३ दिवसांत पुरा केला होता. पण तो एकाच देशातला प्रवास होता. इथे मध्ये गोबीचे वाळवंट, सायबेरिया आणि उरल पर्वत होते. आव्हान वाचून पुष्कळांनी उत्साह दाखवला. गाडी बोटीवर चढवून चीनपर्यंत आले ते पाचच.

इटलीचे शिपिओने बोर्गेझे यांची ‘इताला’ ही सर्वांत दणकट गाडी होती. तिच्या ४ सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता ७ लिटरांहून अधिक होती. शार्ल गोदार हे डच बनावटीची १५ अश्वशक्तीची ‘स्पायकर’ चालवत होते. जॉर्ज कॉर्मिए आणि व्हिक्तॉर कोलिन्यों यांच्याकडे १० अश्वशक्तीच्या दोन ‘द दिओं-बुतों’ होत्या. ओग्यूस्त पों यांची ‘कोंताल’ तीनचाकी होती, अवघ्या ६ अश्वशक्तीची. बोर्गेझेंबरोबर दोघे होते. एक वार्ताहर लुईजी बार्झिनी. त्यांच्याच वृत्तांतामुळे या प्रवासाचे बारीक तपशील आज हाती आहेत. दुसरे मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी. त्यांचे वडील आगगाडीचे इंजिन चालवत. बोर्गेझेंच्या वाड्याजवळ झालेल्या अपघातात ते दगावले आणि जखमी एत्तोरेला बोर्गेझेंनी आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे हाच मुलगा त्यांचा मेकॅनिक झाला. यशाचे श्रेय सहसा बोर्गेझेंच्या नावावर पडते. पण रोज रात्री गाडीखाली शिरून तिचा एकेक सांधा तपासणारे हात ग्विझार्दींचे होते, हे विसरून चालणार नाही.

बोर्गेझेंची तयारी दांडगी होती. पेकिंगच्या उत्तरेकडच्या डोंगरातून गाडी जाईल की नाही हे पाहण्यासाठी ते आधी घोड्यावरून गेले. बरोबर गाडीच्या रुंदीइतका कापलेला बांबू होता, आणि अरुंद जागा आली की तो आडवा धरून पाहायचा. गाडीचे मडगार्ड लांब फळ्यांसारखे आणि काढता येतील असे होते. चिखलात किंवा चरावर तेच चाकांखाली अंथरले जात. गोबीत लागणारे पेट्रोल उंटांच्या तांड्यांनी आधीच पुढे नेऊन ठेवले होते.

पेकिंग ते काल्गान (आजचे झांगजियाकोऊ) हा पहिला टप्पा मोटारींनी स्वतःच्या बळावर फार थोडा काटला. नान्कोऊच्या खिंडीत चिनी मजुरांनी आणि खेचरांनी त्या दोरखंडांनी ओढून वर नेल्या. उतारावर तीच माणसे मागून दोर धरून गाडी आवरत. वजन कमी करायला इतालाची वरची बॉडी उतरवली होती. त्या मजुरांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

काल्गानपुढे गोबी. उर्गाकडे (आजचे उलानबातर) जाणारे तारेचे खांब हीच तिथली वाट. वाटेतल्या पोंग-किओंग या एकाकी तार कचेरीतून बार्झिनींनी वृत्तांत पाठवला, तेव्हा त्यावर क्रमांक १ पडला. ही आज दिवसभरातली पहिली तार का, असे त्यांनी विचारले. कचेरी उघडल्यापासूनची पहिली, असे उत्तर मिळाले. याच वाळवंटात पों यांच्या तीनचाकीचे इंधन संपले. ते आणि त्यांचा साथीदार पायी निघाले. तहानेने ते मरणाच्या दारात पोचले होते, पण सुदैवाने वाचले. गाडी मात्र तिथेच सोडून द्यावी लागली. गोदार यांची स्पायकरही पेट्रोलवाचून अडकली होती. त्यांच्यापर्यंत पेट्रोल मंगोल घोडेस्वारांमार्फत पोचले. पुढे इरो नदीत इतालाचा मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे विजेचे उपकरण) भिजू नये म्हणून काढून घेतला आणि गाडी बैल जुंपून पलीकडे नेली.

सायबेरियात अडचण उलट्या प्रकारची होती. तिथे रस्ता होता, पण टाकून दिलेला. ट्रान्स-सायबेरियन रेल्वे झाल्यावर जुन्या टपालरस्त्याची देखभाल सुटली आणि त्यावरचे लाकडी पूल कुजले. बैकाल सरोवराच्या दक्षिणेला असाच एक पूल इतालाखाली मोडला. गाडी मागच्या बाजूने खाली गेली आणि तिचे नाक आभाळाकडे राहिले. जीवितहानी झाली नाही. रेल्वेवरच्या मजुरांनी तुळया लावून तिला बाहेर काढले आणि इंजिन पुन्हा सुरू झाले. या भागात काही अंतर बोर्गेझेंनी अधिकाऱ्यांच्या परवानगीने गाडी चक्क रुळांवरून, स्लीपरांचे धक्के खात नेली.

चाकाची गोष्ट आपल्याकडे ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला लगेच समजेल. त्या काळच्या मोटारींचे आरे आणि पाटे लाकडाचे असत. कोरड्या हवेत लाकूड आकसते, आरे खुळखुळू लागतात आणि चाक कलते. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीचे चाक पाण्यात भिजत घालतात, तसाच उपाय इथेही केला गेला. पण उरलच्या परिसरात इतालाचे एक चाक पार निकामी झाले. जवळपास मोटारीचा कारखाना असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा गाड्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या रशियन सुताराने ते नव्याने घडवले. हत्यार म्हणावे तर त्याच्याकडे मुख्यतः कुऱ्हाडच होती. त्याच कुऱ्हाडीने त्याने आरे तासले, बसवले आणि गाडी पुढे चालू लागली. १९०७ मधली सर्वांत प्रगत यंत्रे बनवणाऱ्यांपैकी कोणीही त्या क्षणी तिथे उपयोगी पडले नसते. उपयोगी पडला तो पिढीजात गाडीसुतार.

बोर्गेझे इतके पुढे होते, की वाट वाकडी करून ते मेजवानीसाठी मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथून बर्लिनमार्गे १० ऑगस्ट १९०७ रोजी, भर पावसात, ते पॅरिसला पोचले. स्पायकर आणि दोन्ही द दिओं-बुतों ३० ऑगस्टला आल्या. गोदार मात्र स्पायकरवर नव्हते. वाटेत गाडीचा मॅग्नेटो बिघडला होता. गाडी आगगाडीत चढवून त्यांनी तो टॉम्स्कच्या तंत्रशिक्षण संस्थेत दुरुस्त करून घेतला. मग ती होती तिथे परत नेऊन, झोप विसरून इतरांना गाठले. इतके करून पैशांच्या फसवणुकीच्या आरोपावरून त्यांना जर्मनीत अटक झाली आणि शेवटचा टप्पा दुसऱ्याने चालवला. पैशाच्या व्यवहारात ते बेफिकीर होते हे मान्य केले, तरी चालक म्हणून त्यांची जिद्द बोर्गेझेंपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९०८ रोजी, न्यूयॉर्क–पॅरिस शर्यत सुरू झाली आणि ती ‘थॉमस फ्लायर’ या अमेरिकन गाडीने जिंकली. पेकिंग–पॅरिस मार्ग मात्र युद्धे, क्रांत्या आणि बंद सीमांमुळे अनेक दशके मोटारींना मोकळा नव्हता. १९९७ मध्ये जुन्या गाड्यांची दुसरी पेकिंग–पॅरिस दौड झाली, ती तिबेट, नेपाळ, भारत, पाकिस्तान आणि इराण या दक्षिणेकडच्या वाटेने. बोर्गेझेंची इताला तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. गोबीतून जेमतेम वाचलेले पों आणि अटक झालेले गोदार हे दोघेही १९०८ च्या शर्यतीत पुन्हा उतरले होते.